चांगल्या नावाची राखण

नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायाचा आरंभ आमच्या बहुतेक घरांतील मुलांना पाठ असतो. विपुल धन आणि चांगले नाव यांतून निवड करण्याची वेळ आली तर नाव पत्करावे, असा त्याचा आशय. उपदेशकाच्या सातव्या अध्यायात त्याच नावाला मोलवान सुगंधी तेलाहून वरचे स्थान दिले आहे. ही वचने शब्बाथशाळेत शिकविली जातात, लग्नाच्या बोलणीत त्यांचा दाखला दिला जातो, आणि एखादा वयोवृद्ध सभासद प्रभूच्या घरी गेला म्हणजे कबरस्थानात पाळकसाहेबांच्या तोंडूनही ती ऐकावयास मिळतात. इतक्या परिचित वचनांविषयी नव्याने काय सांगावयाचे, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चांगले नाव म्हणजे काय, ते कोणाचे आणि ते राखावयाचे कसे, हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहीत. नाव राखण्याच्या सबबीखाली आमच्या घरांतून व मंडळ्यांतून जे घडते ते पाहिले, म्हणजे या वचनांचा अर्थ एकदा शांतपणे तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

बेळगाव, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्यांना एक शब्द विशेष जवळचा आहे. तो शब्द म्हणजे पत. तंबाखूच्या व्यवहारात व्यापारी मूठभर माल हातात घेतो, चुरगाळून पाहतो, वास घेतो; पण प्रत्येक पोते काही तो उलगडून बघत नाही. ज्या शेतकऱ्याचा नमुना आणि माल एकच असतो, त्याच्या पोत्यांना फारसा कोणी हात लावीत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनेही तसेच. ज्याचा शब्द खरा ठरतो, ज्याचे पैसे ठरल्या दिवशी मिळतात, त्याच्याच वखारीकडे गाडी वळते. मराठीने हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला आहे. उधारी मिळण्याची योग्यता ती पत, आणि चारचौघांतील विश्वास तीही पतच. या जोड अर्थात मोठे शहाणपण आहे. पत ही ज्याच्या नावावर असते त्याच्या हातात कधीच नसते. ती पेटीत कुलूप लावून ठेवता येत नाही. ती शेजाऱ्याच्या मनात असते. त्याने आमच्यावर विश्वासाने टाकलेली ती एक ठेव असते. चांगल्या नावाचेही असेच आहे, ही गोष्ट आम्ही बहुधा विसरतो आणि आमच्या मालकीची वस्तू समजून त्याची राखण करू लागतो.

ज्या सहकारी पतसंस्था आज गावोगावी दिसतात, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे, आणि तो एका ख्रिस्ती अंतःकरणातून निघाला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जर्मनीत फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) हे खेड्यापाड्यांचे नगराध्यक्ष म्हणून काम करीत होते. सावकारी पाशात सापडलेला शेतकरी त्यांनी जवळून पाहिला, आणि आपल्या ख्रिस्ती श्रद्धेला अनुसरून त्यांनी कर्जसंस्थांची उभारणी केली. गरिबाजवळ तारण म्हणून ठेवावयास सोने नव्हते. तेव्हा एका लहानशा टापूतील, एकमेकांना ओळखणारी माणसे एकत्र आली. प्रत्येकाची सचोटी हेच तारण ठरले, आणि एकाने बुडविले तर सर्वांनी भरावयाचे असा करार झाला. पुढे हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्या वेळी ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचे हेच तत्त्व घेण्यात आले. त्यानंतरच्याच वर्षी, १९०५ साली, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने जी संस्था निघाली, तिची गणना देशातील अगदी पहिल्या ग्रामीण पतसंस्थांत होते. हे गाव आता गदग जिल्ह्यात आहे. आमच्या बेळगावाहून ते फार दूर नाही.

आम्हांला वाटते, सीमाभागातील आमची ख्रिस्ती मंडळी हीदेखील अशीच अमर्यादित जबाबदारीची संस्था आहे. बहुसंख्य समाजातील एखाद्याने लबाडी केली तर लोक त्या माणसाला नावे ठेवतात. आमच्यापैकी एखाद्याने केली तर ‘ख्रिस्ती लोक असेच’ असे म्हणून मोकळे होतात. हे न्यायाचे नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या नव्या गावी बदली होऊन गेलेल्या आमच्या शिक्षिकेला किंवा नर्सबाईंना घर भाड्याने देताना घरमालक निश्चिंत असतो, तो त्यांना ओळखतो म्हणून नव्हे. पूर्वी त्याच आळीत राहून गेलेल्या दुसऱ्या कोणा बाईंनी भाडे वेळेवर दिले, शेजारच्या मुलाच्या आजारपणात रात्र जागून काढली, आणि जाताना कोणाचे एक पैसा देणे ठेवले नाही, म्हणून. ज्यांचे नावही आम्हांला ठाऊक नाही, अशा कित्येकांनी जमा केलेल्या पुंजीवर आम्ही आज उचल घेत असतो.

ही पुंजी जमली कशी, तेही पाहिले पाहिजे. आमच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना गावाने जे नाव दिले होते, ते चांगले नव्हते, वाईटही नव्हते; ते केवळ जन्माने चिकटविलेले होते. वेशीच्या बाहेरचे घर, पाणवठ्यावरचे अंतर, हाक मारण्याची तऱ्हा, सारे आधीच ठरलेले. माणूस कितीही सच्चा असला तरी त्याची सचोटी त्याच्या नावात मोजली जात नसे. शुभवर्तमानाने त्यांना जे दिले, त्यात स्वतःच्या वागण्याने नाव मिळविण्याचा अधिकार हेही एक मोठे देणे होते. घराण्याचा मोठेपणा आणि चांगले नाव या दोन गोष्टी एक नव्हेत, हे म्हणूनच आम्ही तरी कधी विसरू नये. घराण्याचा मोठेपणा वारशाने येतो. चांगले नाव प्रत्येकाला आपापले मिळवावे लागते, आणि ते मिळविण्याची वाट कोणालाही बंद नसते.

बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० साली रे. जोसेफ टेलर यांच्या आगमनाने सुरू झाले, आणि १९०४ साली ते मेथॉडिस्ट मिशनकडे गेले. या दीर्घ काळात शाळा निघाल्या. बेननस्मिथ हायस्कूलचे नाव बेळगावच्या सर्व समाजांत आदराने घेतले जाते. उत्तरेस मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उघडले. १८८९ साली या देशात आलेले हे डॉक्टर १९२८ पर्यंत येथे झटले. मराठी आणि कानडी मुलखांतून रोगी मिरजेची वाट धरीत. हे नाव कोणत्या जाहिरातीने झाले नव्हते. मोतीबिंदू काढलेला आजोबा घरी परत जाऊन नातवाचा चेहरा ओळखू लागला, म्हणजे त्या गावात आणखी कशाची गरज उरत नसे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. डॉक्टर प्रार्थना करीत असत, हे खरे. पण टाका नीट पडला नसता तर लोकांनी त्यांच्या प्रार्थनेची वाखाणणी केली नसती. ख्रिस्ती मनुष्याचे चांगले नाव देवळातील त्याच्या आसनावरून ठरत नाही. ते वर्गातील फळ्यापाशी, दवाखान्यातील खाटेपाशी, दुकानातील तराजूपाशी ठरते. प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाविषयी अट घातली आहे, तीत बाहेरच्या लोकांनी त्याच्याविषयी चांगले बोलले पाहिजे असे आहे. आतल्यांची साक्ष त्याला पुरेशी वाटली नाही.

एवढ्यावरच थांबलो तर मात्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ज्या शास्त्रात चांगल्या नावाची थोरवी आहे, त्याच शास्त्रात एक इशाराही आहे. सर्व लोक ज्यांची वाहवा करतात त्यांच्याविषयी प्रभूने लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हळहळ व्यक्त केली आहे, कारण खोट्या संदेष्ट्यांनाही अशीच वाहवा मिळाली होती. आणि स्वतः प्रभूने तर आपले सर्व मोठेपण बाजूस ठेवून दासाचे रूप घेतले व गुन्हेगारांमध्ये आपली गणना होऊ दिली. मग नाव जपावे की सोडावे?

याचे उत्तर आमच्या बेळगावच्याच एका सुपुत्राच्या चरित्रात सापडते. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला, आणि येथील मिशन शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते मुंबईस गेले. त्या काळी मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा नावाची एक मंडळी निघाली होती. दादोबा पांडुरंगांसारखी विद्वान व सद्धेतूची माणसे तीत होती. जातिभेद मोडावा, ईश्वर एक मानावा, हे तिचे विचार. सभासद एकत्र जमून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात. परंतु हे सर्व गुप्तपणे. घरी आणि आळीत नाव जाऊ नये, यासाठी सभेचे अस्तित्वच झाकून ठेवलेले असे. बाबा पदमनजीही काही काळ तीत होते. पण मनाला पटलेले सत्य दारे लावून आचरावे आणि दारे उघडली म्हणजे ते नाकारावे, हे त्यांना मानवले नाही. १८५४ साली त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. ज्या गावात वडिलांना मान होता, जेथे लहानपणापासून सर्व ओळखत होते, त्याच गावात. त्या दिवसांत बाप्तिस्मा म्हणजे जातीबाहेर पडणे; पंगतीतील जागा आणि भाऊबंदांतील नाव एका दिवसात गमावणे.

पुढे काय झाले? १८६० च्या सुमारास परमहंस सभेच्या सभासदांची यादी कोणी पळविली. नावे बाहेर फुटणार या धास्तीने सभा विस्कटली, ती पुन्हा उभी राहिली नाही. तिच्यातील काही मंडळींनी पुढे १८६७ साली प्रार्थना समाजाच्या रूपाने तेच विचार उघडपणे मांडले, तेव्हा त्यांना खरे बळ आले, हेही सांगणे न्यायाचे होईल. इकडे बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक आज तिचा मान राखतात. ज्याने लोकांतील नाव सोडले त्याचे नाव राहिले, आणि जी सभा नावासाठी झाकून ठेवली होती ती एका चोरलेल्या यादीने मोडली. यादी चोरणाऱ्याचा दोष आहेच. परंतु जे एका कागदाने जाऊ शकते, ते चांगले नाव नव्हे, ते चांगले झाकण होते.

आता आमच्या आजच्या स्थितीकडे वळू. ‘मंडळीचे नाव खराब होईल’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! देणगीच्या हिशेबात तफावत आढळली. बोलू नका, मंडळीचे नाव जाईल. एखादा वडील मनुष्य घरी पिऊन बायकोला मारतो. वाच्यता नको, घराण्याचे नाव जाईल. लहान मुलाशी कोणी अनुचित वागले. त्या मुलालाच गप्प बसवा, शाळेचे नाव जाईल. लग्नासाठी परगावाहून मुलाची चौकशी येते. येथल्या जाणत्यांना त्याचे व्यसन ठाऊक असते. पण ‘आपल्या मंडळीतला मुलगा’ म्हणून सारे बरे सांगतात, आणि कोठली तरी एक मुलगी आयुष्यभर त्या बऱ्या शब्दांची किंमत मोजते. एका गावच्या मंडळीतून दुसऱ्या गावच्या मंडळीला जे दाखल्याचे पत्र जाते, तेही एक प्रकारची हुंडीच होय. ती खोटी लिहिणारा मनुष्य दयाळू ठरत नाही. तो दुसऱ्याच्या ठेवीतून पैसे उचलतो.

अशा प्रत्येक प्रसंगी ज्याचे नाव राखले जाते, तो बलवान असतो, आणि ज्याला गप्प बसविले जाते, तो दुर्बळ असतो. एवढी एक कसोटी लावली तरी पुष्कळ उलगडा होईल. नावाच्या राखणीचा भार जर नेहमी बाई, मूल आणि गरीब यांच्याच माथी येत असेल, तर ती राखण शलमोनाने सांगितलेली नव्हे.

पहिल्या मंडळीने काय केले, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि आम्हां सीमाभागातील लोकांना ते विशेष लागू पडते. यरुशलेमेच्या मंडळीत दोन भाषांचे लोक होते. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी की रोजच्या वाटणीत आपल्या विधवांना डावलले जाते. मंडळी नवी होती, विरोधक टपलेले होते. ‘आता हे बाहेर काढू नका’ असे म्हणण्यास याहून चांगले निमित्त कोणते असणार? परंतु प्रेषितांनी सर्वांना बोलावले, तक्रार उघडपणे घेतली, आणि ज्यांच्याविषयी लोक चांगली साक्ष देतात अशी सात माणसे निवडण्यास सांगितले. निवडलेल्या सातांचीही नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत. ज्यांची गाऱ्हाणी होती त्यांच्याच भाषेच्या लोकांच्या हाती वाटणी सोपविली गेली! मराठी व कानडी उपासनांच्या वेळा, समितीतील जागा, शाळेतील प्रवेश यांवरून जेथे जेथे कुरबुर चालते, तेथे हा अध्याय एकदा मोठ्याने वाचून पाहावा. चांगले नाव असलेली माणसे तेथे नाव मिरविण्यासाठी नेमलेली नव्हती. भाकरी सरळ वाटली जावी म्हणून नेमली होती.

प्रेषित पौलही पैशाच्या बाबतीत असाच दक्ष दिसतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की गरिबांसाठी जमलेली रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेला सोबती बरोबर घेतला आहे, म्हणजे कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये. प्रभूपुढे जे चांगले तेच माणसांपुढेही चांगले दिसावे. पौलाच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे धाडस कोण करणार? तरीही त्याने हिशेबाला साक्षीदार ठेवला. अर्पणाची पेटी दोघांनी मिळून मोजावी, जमाखर्च वर्षातून एकदा सर्वांपुढे वाचावा, प्रश्न विचारणाऱ्यास ‘तुमचा विश्वास नाही काय?’ असे म्हणून लाजवू नये. या साध्या गोष्टी आहेत. पण मंडळीचे नाव यांनी जेवढे राहते, तेवढे गुप्त बैठकांनी राहत नाही.

उघडपणा म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे, हेही तितक्याच निक्षून सांगितले पाहिजे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा दहा आज्ञांत आहे. पूर्वी विहिरीवर निघालेली अफवा गावच्या वेशीपर्यंत पोहोचावयास संध्याकाळ होत असे. आता व्हॉट्सॲपच्या गटावर ती घटकाभरात बेळगावाहून पुण्याला आणि दुबईला जाऊन पोहोचते, आणि मागे घेता येत नाही. तक्रार असेल तर ती ज्याच्याकडे न्याव्याची त्याच्याकडे न्यावी, प्रथम एकट्यात, मग दोघातिघांसमक्ष, मग मंडळीसमोर, असा क्रम प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात घालून दिला आहे. जेथे अपराध कायद्याचा असेल, विशेषतः मुलांच्या बाबतीत, तेथे शासनाकडे गेलेच पाहिजे. तेथे मंडळीने स्वतःला न्यायालय समजू नये.

शेवटी ज्याचे नाव गेले आहे त्याचे काय? शास्त्र त्याला दारातून परत पाठवीत नाही. यरीहोचा जक्कय साऱ्या गावात बदनाम होता. ‘माझ्याविषयी गैरसमज झाला’ असे तो म्हणाला नाही. फसवून घेतलेले चौपट परत करण्यास उभा राहिला. गेलेली पत अशी परतफेडीनेच हळूहळू येते.

आणि फिलेमोनाला लिहिलेले छोटेसे पत्र तर या सर्व विषयाचा कळस म्हणावा. अनेसिम हा धन्याच्या घरून निघून गेलेला दास. त्याला ना नाव, ना पत. पौल त्याला परत पाठवितो आणि धन्याला कळवितो की याचे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. ते तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. आयुष्यभर मिळविलेली आपली पत पौलाने एका निनावी माणसासाठी जामीन म्हणून ठेवली. त्याच्या धन्याने त्याहून अधिक केले होते. त्याने तर आम्हां सर्वांचे देणे आपल्या नावावर घेतले.

आमच्या पूर्वजांनाही कोणीतरी अशीच आपली पत उसनी दिली होती. आज आमच्या नावाला थोडेबहुत वजन आले आहे, तर ते कोठे खर्च होते, हे प्रत्येक घराने पाहावे. सुटून आलेल्या कैद्याला काम द्यावयाचे आहे, नवऱ्याने टाकलेल्या बाईला घर मिळवून द्यावयाचे आहे, वसतिगृहातील अनाथ मुलाच्या अर्जावर सही करावयाची आहे. ‘याच्यासाठी मी जबाबदार’ असे म्हणणारा एक मनुष्य त्यांना हवा असतो. वाचकहो, ती सही आपण करावी.